आधी झाड, मग अळी

हेलिकोव्हर्पाच्या पतंगाचं अंडं खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतं. ते ज्वारीच्या कणसावर असेल, तर त्यातून अळीऐवजी एक चिमुकली गांधीलमाशी बाहेर पडण्याची शक्यता बरीच. तेच अंडं तुरीच्या कळीवर असेल, तर ही शक्यता फार थोडी. हरभऱ्याच्या पानावर असेल, तर जवळजवळ नाहीच. अंडं त्याच जातीच्या पतंगाचं, गांधीलमाशीही तीच. बदललं ते फक्त झाड. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेच्या शेतांत यॉर्ग रोमाइस आणि थॉमस शॅनोवर या संशोधकांनी 1990 च्या दशकात अंडी गोळा करकरून हा फरक दाखवून दिला. कीटकशास्त्राच्या बाहेर त्याची फारशी चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती, आणि मराठवाड्यात तर नक्कीच.

कारण ही तिन्ही पिकं इथं एकाच शिवारात भेटतात. येलदरीतून सुटलेलं पूर्णेचं पाणी सिद्धेश्वरच्या धरणात अडतं, तिथून कालव्यात वळतं आणि वसमतकडून पुढं परभणी-नांदेडच्या रानांपर्यंत जातं. खरिपात सोयाबीन, तूर, कापूस. रब्बीत पाटाच्या पाळीवर हरभरा आणि गहू. शिवाय ऊस, आणि आठ-नऊ महिने रान अडवून बसणारी हळद. हेलिकोव्हर्पाला असं शिवार म्हणजे पर्वणीच. कापसात ती बोंडं पोखरते, तुरीत शेंगा, आणि दिवाळीनंतर हरभरा फांद्यांवर आला की तिथं घाटेअळी म्हणून हजर होते. एक पीक संपतं तोवर दुसरं फुलावर आलेलं असतं. तिच्या मागोमाग तिच्यावर जगणारे परोपजीवीही शिवारभर फिरत असतात. पण त्यांतला प्रत्येक जण प्रत्येक पिकात शिरत नाही.

वर सांगितलेली चिमुकली गांधीलमाशी म्हणजे ट्रायकोग्रामा. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे उघड्या डोळ्यांना फक्त हलणारा ठिपका दिसावा इतकी. गांधीलमाशी म्हटल्यावर छपराखालचं पोळं आणि सुजलेला गाल आठवतो. हिचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही माणसाला चावत नाही, पोळं बांधत नाही, अळीकडे पाहतही नाही. हिला हवं असतं पतंगाचं ताजं अंडं.

ते ती शोधते कसं? पतंगाची मादी पानावर बसून अंडी घालते तेव्हा तिच्या पंखांवरचे खवले तिथं झडतात. 1970 च्या दशकात अमेरिकेत डब्ल्यू. जे. लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकोव्हर्पाच्याच एका भाईबंदाच्या खवल्यांतून ट्रायकोसेन नावाचा मेणासारखा पदार्थ वेगळा केला. त्याचा लेश जरी पानावर असला तरी ट्रायकोग्रामाची चाल बदलते. सरळ जाणारी मादी वळणं घेऊ लागते, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा चाळते. अंडं सापडलं की त्यावर चढते आणि मोजणी सुरू होते. अंड्याच्या एका कडेवरून दुसरीकडे चालत जायला किती वेळ लागला, यावरून ती अंड्याचा आकार ठरवते आणि आकार बघून आत आपली किती अंडी घालायची तेही ठरवते. कॅनडातल्या श्मिट आणि स्मिथ यांनी 1980 च्या दशकात काचेचे गोल मणी वगैरे वापरून तिची ही मोजपट्टी तपासली होती. भाताच्या पतंगाच्या अंड्यात ती एकच अंडं घालते, हेलिकोव्हर्पाच्या अंड्यात बहुधा एक ते तीन. त्या अंड्यात दुसरी कुणी आधीच येऊन गेली असेल, तर खुणेच्या रसायनावरून तिला ते कळतं आणि ती सहसा पुढं निघून जाते.

संख्या ठरली तरी काम संपत नाही. मुलगा की मुलगी, हेही तीच ठरवते. या कुळात फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. नराशी एकदाच झालेल्या मीलनाचं वीर्य मादीच्या पोटातल्या एका पिशवीत साठलेलं असतं. अंडं नळीतून उतरताना त्याच्यावर ते सोडायचं की नाही, एवढाच प्रश्न. एका अंड्यातून तीन भावंडं निघणार असतील, तर बहुधा दोन बहिणी आणि एक भाऊ. भाऊ आधी बाहेर पडतो, तिथंच थांबतो आणि बहिणींशी मीलन करून मरतो. जिथं एका नरात काम भागतं तिथं दुसरा नर घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी 1967 मध्ये या हिशेबाचं गणित मांडलं, आणि परोपजीवी गांधीलमाश्या त्या गणिताचं सर्वांत चोख उदाहरण ठरल्या.

आतली अळी पतंगाच्या अंड्यातला बलक खाऊन वाढते. तीन-चार दिवसांत अंडं काळं पडतं. ट्रायकोग्रामा लागली आहे हे ओळखण्याची शेतकऱ्याला जमेल अशी खूण हीच. आठवडाभरात त्या काळ्या अंड्याला भोक पाडून नवी पिढी बाहेर येते. पतंगाची अळी जन्मालाच येत नाही, त्यामुळं पानावर एक ओरखडाही उठत नाही. म्हणूनच हिचा कारखाना काढावासा वाटला. प्रयोगशाळेत ज्वारी-बाजरीच्या भरड्यावर भाताचा पतंग, म्हणजे कॉर्सिरा, वाढवतात. त्याची अंडी कागदावर डिंकानं चिकटवतात, अतिनील दिव्याखाली ठेवून आतला जीव मारतात आणि मग त्यावर ट्रायकोग्रामा सोडतात. झालं ट्रायकोकार्ड. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही अशी कार्डं तयार होतात. (या खोल्यांतला सर्वांत मोठा उपद्रव कुठला, तर ब्रेकॉन नावाची दुसरी परोपजीवी गांधीलमाशी. ती कॉर्सिराच्या अळ्यांना नांगी मारून लुळं करते आणि त्यांच्या अंगावर बाहेरूनच अंडी घालते. शेतात हिलाच आपण मित्र म्हणतो. खोलीत तिच्या भीतीनं जाळ्या लावतो.)

उसाला ही कार्डं लागू पडतात. खोडकिडीचे पतंग पानावर पुंजक्यानं अंडी घालतात, जागा उघडी असते आणि पानाचा पृष्ठभाग ट्रायकोग्रामाला चालण्याजोगा असतो. हेक्टरी पन्नास हजार परोपजीवी, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा, ही शिफारस अनेक वर्षांची आहे. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. काळं कार्ड घरी आणून दोन दिवस खुंटीला टांगून ठेवलं, तर गांधीलमाश्या घरातच निघतात आणि खिडकीपाशी मरून पडतात. मुंग्यांचंही ध्यान ठेवावं लागतं. त्यांना कार्ड म्हणजे आयतं खाद्य.

उसात गुण आला की शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: “साहेब, हरभऱ्याला बी लावू का हे कारड?” काही पत्रकांतल्या हरभऱ्याच्या यादीतही ते दिसतं. माझं मत स्पष्ट आहे: नको. हरभऱ्यात ट्रायकोकार्ड लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

कारण पहाटे हरभऱ्यातून चालत गेलं की पायाला झोंबतं. हरभऱ्याच्या पानापानावर बारीक केस असतात आणि त्यांच्या टोकाशी आंबट थेंब. हीच आंब. जुन्या काळी दव पडलेल्या पहाटे हरभऱ्यावरून पांढरं फडकं फिरवून ती टिपून घ्यायचे, पिळून बाटलीत भरायचे आणि पोटदुखीवर द्यायचे. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. माणसाच्या पायाला ती नुसती झोंबते. अर्ध्या मिलिमीटरच्या कीटकाला मात्र असं पान चालायच्या लायकीचं राहत नाही. थेंबात पाय पडला की ट्रायकोग्रामा तिथंच अडकते. तुरीत आंब नाही, पण कळ्या-शेंगांवर केसांचं दाट रान असतं, काही केस चिकट द्रव सोडणारे, आणि पतंग नेमका तिथंच अंडी घालतो. ज्वारीच्या कणसात यातलं काहीच नाही. म्हणून तिथं तिचं राज्य.

आपल्याकडं तुरीच्या जोडीनं खरीप ज्वारीचे तास असायचे तेव्हा या सगळ्याचा फायदा तुरीला आपोआप थोडाफार मिळत असावा. ज्वारीवर वाढलेल्या पिढ्या आसपास असत, पतंगाची बरीच अंडी ज्वारीतच पडत आणि तिथंच काळी होत. सोयाबीननं ती ज्वारी उठवली. बाजारभावाचं गणित होतं, त्याला कुणी नावं ठेवावीत असं नाही. पण कीड-नियंत्रणाच्या खात्यावर हा तोटा कुणी मांडला नाही.

मग हरभऱ्याला वाली कोण? आहे. कार्डावर मिळत नाही, दुकानात मिळत नाही, आणि बहुतेकांना नावानं माहीत नाही. तिचं नाव कॅम्पोलेटिस क्लोरिडी. ट्रायकोग्रामापुढं ही धिप्पाड म्हणायची: अंगानं पाच-सहा मिलिमीटर, काळी, पाय तांबूस, मिशा सतत हलत्या. आंबेचे थेंब तिला अडवू शकत नाहीत. ही अंड्याच्या वाटेला जात नाही. तिला हवी असते कोवळी अळी, कात टाकून दुसऱ्या अवस्थेत आलेली, तीन-चार मिलिमीटर लांबीची. त्याहून लहान अळीत पिल्लाला पुरेल एवढं अन्न नाही आणि त्याहून मोठी अळी अंग झटकते, चावते, तोंडातून हिरवा रस ओकते. शिवाय मोठी अळी घाट्याला भोक पाडून डोकं आत खुपसते, मग ती हाती लागत नाही. म्हणजे कॅम्पोलेटिसला मिळणारी मुदत मोजक्या दिवसांची.

थंडीत, दव वाळल्यावर, हरभऱ्याच्या तासात बसून पाहिलं तर ती दिसू शकते. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर अळीनं खरवडलेले पांढुरके डाग असतात, जवळच तिच्या विष्ठेचे कण. कॅम्पोलेटिस उतरते ती या कणांपाशी. मिशांनी ते ठोकत, थांबत, पुन्हा ठोकत पुढं सरकते. अळीचा स्पर्श झाला की पोटाचं टोक खालून पुढं वळवते आणि एकदाच टोचते. डोळ्याची पापणी लवायच्या आत अंडं आत गेलेलं असतं आणि ती उडालेली. अळी क्षणभर वळवळते आणि पुन्हा पान खाऊ लागते. ब्रेकॉननं टोचलेली अळी लुळी पडते, तसं इथं काहीच घडत नाही. आठवडाभर ती अळी बाकीच्या अळ्यांसारखीच दिसते, फक्त खाणं कमी होत जातं आणि रंग मळकट होतो.

तिच्या अंगात जे चाललेलं असतं ते समजायला शास्त्राला फार वेळ लागला. अळीच्या रक्तात परक्या वस्तूंवर तुटून पडणाऱ्या पेशी असतात. एखादं परकं अंडं आत शिरलं की त्या त्याच्याभोवती थरावर थर चढवतात आणि आतल्या आत ते गुदमरून मरतं. मग कॅम्पोलेटिसचं अंडं वाचतं कसं? 1981 मध्ये एडसन, विन्सन, स्टोल्ट्झ आणि समर्स या अमेरिकेतल्या व कॅनडातल्या चौघांनी कॅम्पोलेटिसच्याच दुसऱ्या एका जातीवर प्रयोग केले. मादीच्या अंडाशयाजवळच्या द्रवात विषाणूचे कण असतात आणि अंड्याबरोबर तेही अळीत टोचले जातात, हे त्यांनी दाखवलं. अंडी धुऊन, द्रवाशिवाय अळीत सोडली तर अळीच्या पेशी ती गुंडाळून टाकत. शुद्ध केलेले विषाणू सोबत दिले तर अंडी वाचत. विषाणू अळीच्या पेशींत शिरून तिचं संरक्षणच बंद पाडतात.

याहून नवल पुढं आहे. हे विषाणू अळीत आपली संख्या वाढवत नाहीत. त्यांचा आराखडा गांधीलमाशीच्याच गुणसूत्रांत लिहिलेला असतो, आईकडून लेकीकडे तसाच येतो, आणि विषाणू तयार होतात ते फक्त मादीच्या अंडाशयाजवळच्या त्या एका भागात. कधीकाळी हा खराखुरा विषाणू असणार. ब्रेकॉनच्या भाऊबंदांतल्या अशाच एका विषाणूचं नातं सुमारे दहा कोटी वर्षं मागं जातं. आज त्याला रोग म्हणायचं की मादीचा एक अवयव, हे सांगणं कठीण. अंडी घालणं हा शब्द इथं अपुराच वाटतो, कारण अंड्यासोबत आई ते जगण्यासाठी लागणारी सगळी तजवीज टोचते.

आतलं पिल्लू आधी रक्तावर वाढतं आणि शेवटी आतला ऐवज संपवतं. अळी तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत, सेंटिमीटरभराची असतानाच रिकामी होते. पिल्लू बाहेर पडून पानाला चिकटून कोष विणतं: करडा-पांढरा, त्यावर काळपट ठिपके, आणि शेजारी लोंबणारी अळीची वाळलेली कातडी. या वेळेला फार महत्त्व आहे. घाटेअळी आयुष्यभरात जेवढं खाते, त्याचा मोठा वाटा शेवटच्या दोन अवस्थांतला असतो, घाटे पोखरण्याचं कामही तेव्हाच. कॅम्पोलेटिस लागलेली अळी तिथवर पोचतच नाही.

पण एवढ्या मोठ्या शिवारात तीन मिलिमीटरची अळी तिला सापडते, यात तिच्या डोळ्यांचं श्रेय थोडंच. बातमी झाड देतं. टेड टर्लिंग्स, टमलिन्सन आणि लुईस यांनी 1990 मध्ये मक्यावर दाखवलं की अळीनं कुरतडलेलं रोप काही तासांत वेगळाच गंध सोडू लागतं आणि त्यावर परोपजीवी ओढले जातात. ब्लेडनं नुसतं कापलं तर तसा गंध सुटत नाही. कापलेल्या जागी अळीची लाळ लावली तर सुटतो. 1998 मध्ये कन्सुएलो डी मोरायस आणि सहकाऱ्यांनी कापूस, तंबाखू आणि मक्यावर आणखी पुढची गोष्ट पाहिली. दिसायला सारख्या अशा दोन जातींच्या अळ्यांपैकी कोणती खाते आहे त्याप्रमाणे झाडाचा गंध बदलतो, आणि फक्त एकाच जातीवर जगणारी गांधीलमाशी अळी काढून टाकल्यावरही बरोबर तेच झाड निवडते. मादी आधी पीक ओळखते, मग त्यातलं जखमी झाड, आणि मग अळी.

सोयाबीनमध्ये तर आणखी एक वेगळी तऱ्हा. हिरव्या उंटअळीच्या कुळातल्या अळ्यांवर कोपिडोसोमा नावाची गांधीलमाशी जगते. ती पतंगाच्या अंड्यात एकच अंडं घालते, पण पतंगाची अळी जन्मून वाढत असताना आत त्या एका अंड्याचे भाग होत राहतात आणि एका अळीतून दोन हजारांवर गांधीलमाश्या निघू शकतात. फुगलेली, कडक, आत दाणे भरल्यासारखी अळी सोयाबीनच्या पानाखाली चिकटलेली दिसली, तर ती हीच. मक्यात 2018 पासून ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा प्रश्न निराळा. तिचा पतंग अंड्यांचे थर रचून वर केसांचं पांघरूण घालतो. त्यात ट्रायकोग्रामा फारशी आत जाऊ शकत नाही, पण टेलेनोमस नावाची दुसरी अंडी-परोपजीवी जाते. एका पिकातलं औषध दुसऱ्या पिकात चालवायची आपली सवय इथं कामाची नाही.

हरभऱ्याकडं परत. डिसेंबरात शेंड्यावर खरवडलेले डाग दिसले की कृषी सेवा केंद्राची वाट धरायची आणि पहिला फवारा मारून मोकळं व्हायचं, ही रीत पडून गेली आहे. नेमका तोच काळ कॅम्पोलेटिसचा. थंडी तिला मानवते, ऊन तिला सोसत नाही, आणि दुसऱ्या अवस्थेतल्या अळ्या तेव्हाच भरपूर असतात. ज्या फवाऱ्यानं अळ्या मरतात त्यानं पानांवर फिरणाऱ्या या माद्याही मरतात. पतंग पुन्हा येऊन अंडी घालतो. त्या नव्या अळ्यांवर यायला मग कुणी उरलेलं नसतं. घाटे भरताना दुसरा फवारा, मग तिसरा. विद्यापीठांची शिफारस मीटरभर तासात 1 ते 2 अळ्या आढळल्या तरच फवारायची अशी आहे. ती मोजणी करायला कुणी बसतं का, हा प्रश्न मी शेतकऱ्यापेक्षा आधी औषध विकणाऱ्याला विचारीन.

कॅम्पोलेटिसची मादी स्वतः अळी खात नाही. तिला मध लागतो, आणि हरभऱ्याचं फूल त्या कामी उपयोगाचं नाही. ते मिटलेलं असतं आणि आपलं आपण फळतं. धण्याचं फूल उघडं, उथळ आणि बारीक. हरभऱ्यात धण्याचे तास पेरले तर अळ्यांवर कॅम्पोलेटिसचं प्रमाण वाढतं, हे भारतातल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्याकडं धणे काय किंवा जवस काय, हरभऱ्याच्या रानात नवीन नाहीत. धणे मात्र अशा बेतानं पेरावेत की अळ्या लहान असतानाच ते फुलावर येतील. हरभऱ्याच्या बरोबर पेरलेले धणे उशिरा फुलले, तर तो मध तिच्या कामाचा नाही.

आणि मीटरभर तासातल्या अळ्या मोजताना करडे कोषही मोजावेत, मळकट, सुस्त पडलेल्या अळ्या वेगळ्या धराव्यात. अशा दोन-चार अळ्या काडेपेटीत हरभऱ्याच्या पाल्यासह घालून ठेवल्या की आठवड्यात निकाल हाती येतो. काही अळ्या मोठ्या होतील, काहींच्या जागी कोष दिसतील. कोष जास्त असतील तर पंप खोलीतच राहू द्यावा. मात्र एखाद्या कोषातून कॅम्पोलेटिसऐवजी आणखी बारीक, हिरवट चमकती गांधीलमाशी निघाली तर दचकू नये. तिची आई कोषातल्या पिल्लावर अंडं घालून गेलेली असते.